चुन्यात थोडी नीळ

गुहागरच्या आमच्या घराची बाबांनी १९८७ साली डागडुजी केली, तेव्हा ती बघायला शेजारपाजारची माणसं येत. माजघराला पिस्ता रंगाचा ऑइलपेंट, कौलं-वाशे दिसू नयेत म्हणून प्लायवूडची तक्तपोशी, ओटीवर सनमायका लावलेलं शोकेस आणि त्यात नायलॉनची फुलं. ‘अगदी मुंबईच्या ब्लॉकसारखं झालंय हो,’ असं कुणी म्हटलं की बाबांचा दिवस चांगला जायचा.

गेल्या वर्षी त्याच माजघरात उभा राहून माझा भाचा म्हणाला, “आत्या, हे सगळं फार जुनाट वाटतं गं. आपण मस्त बीच लुक करू.” आणि फोनवर ग्रीसमधल्या सँटोरिनीचे फोटो दाखवायला लागला. पांढऱ्या भिंती, निळी दारं.

“अरे, बीच मागच्या दारी आहे,” मी म्हटलं. आमच्याकडे घराचं तोंड रस्त्याला, मागे नारळ-पोफळीची वाडी आणि वाडीचं बेडं ओलांडलं की पायाखाली पुळणच येते. पण ते त्याला पटेना.

त्याने पहिला प्रयोग ओटीवर केला. दोरखंडात मढवलेला आरसा, लोखंडी नांगराच्या आकाराच्या खुंट्या आणि बंदरावरून मागून आणलेलं खरंखुरं जुनं जाळं. तिसऱ्या दिवशी आळीतली सगळी मांजरं ओटीवर मुक्कामाला आली. मासळी घेऊन येणाऱ्या बाईंनी पाटी उतरवली, जाळ्याकडे बघितलं आणि विचारलं, “ताई, जाळं घरात वाळत घातलंत होय?” जाळं त्याच संध्याकाळी परत गेलं. खुंट्या पावसाळाभर टिकल्या, पण गणपतीला आम्ही गेलो तेव्हा प्रत्येकीखाली गंजाचा तांबडा ओघळ उतरला होता. खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही. पितळ घ्यावं, नाहीतर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील. नेहमीचं ३०४ सुद्धा समुद्राजवळ डागाळतं.

मग गवंड्याला बोलावलं. त्याने माजघराच्या भिंतीवर आलेल्या एका फुगाऱ्यात करणीचं टोक घातलं, तर पिस्ता रंग पापडासारखा सुटून हातात आला. आत पांढरी भुकटी. बोटाला लावून जिभेवर ठेवली तर खारट. “लोणा लागलाय,” तो म्हणाला. “जांभ्याच्या भिंतीला ऑइलपेंट म्हणजे भर पावसात रेनकोट घालून धावणं. घाम जायचा कुठे?”

त्याचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. जांभा सच्छिद्र दगड. पावसात तो पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. वर चुना असेल तर ओल त्यातून निघून जाते. ऑइलपेंटचा पापुद्रा ती अडवतो, मग पाण्यातले क्षार रंगाच्या पाठीमागेच साठतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि रंगाला ढकलून देतात. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. सँटोरिनीला तीनशे-चारशे मिलिमीटर, म्हणजे आमच्या जुलैतला एखादा जोरदार आठवडा. तिथली पांढरी भिंत इथे तशीच आणली तर दुसऱ्या श्रावणात ती हिरवी होणार.

गंमत पुढेच आहे. गवंडी खरवडत गेला. पिस्त्याखाली मळकट क्रीम आणि त्याखाली एक फिकट, धुवट निळा. पहाटे ओहोटीच्या वेळी पाण्याला असतो तसा. आजीच्या काळातला तो चुना. चुना भिजवताना त्यात कपड्यांची नीळ चिमूटभर घालायची पद्धत होती. भाचा ओरडलाच, “आत्या, हाच! मला हाच रंग पाहिजे होता!” ग्रीसमधल्या त्या भिंतीही मुळात चुन्याच्याच, हे मी त्याला नंतर सांगितलं.

तक्तपोशी काढली तेव्हा उंदरांची घरटी पडली, धूळ पडली आणि त्यामागोमाग उजेड पडला. कौलांमध्ये बसवलेली काचेची दोन कौलं आम्ही विसरूनच गेलो होतो. आता दुपारी माजघराच्या जमिनीवर उन्हाचे दोन तुकडे हळूहळू सरकतात. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, ती वेगळीच. शोकेसचं प्लायवूड फुगलं होतं, ते गेलं. फणसाच्या लाकडाचे खांब आणि झोपाळ्याची फळी घासून तेल दिलं. वाशांना काजूच्या टरफलाचं तेल, म्हणजे डिंबेल. ते हाताला लागलं की कातडी सोलते, म्हणून ते काम माहीतगाराकडेच द्यावं. बाबांच्या मोझॅक टाइल्स मात्र ठेवल्या. वाळूच्या पायांनी आत आलं तरी त्या तक्रार करत नाहीत. खाली काथ्याची पायपुसणी टाकली, झालं.

भाच्याने शोभेसाठी पोवळ्याचे तुकडे आणि मोठे शंख मागवायचं ठरवलं होतं. ते मी थांबवलं. पोवळी आणि काही जातींचे शंख यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ते घरात मांडणं म्हणजे शोभा नव्हे, गुन्हा होऊ शकतो.

बाबांवर मी चिडले नाही. त्यांना घर मुंबईसारखं हवं होतं, भाच्याला ग्रीससारखं. मलाही दहा वर्षांपूर्वी विचारलं असतं तर मी केरळ म्हटलं असतं. ते गुहागरसारखं दिसावं असं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

तुमचंही समुद्राजवळ असं जुनं घर असेल आणि ते नटवायचं मनात असेल, तर दुकानात जाण्याआधी दोन गोष्टी करा. एक पावसाळा त्या घरात राहून काढा. आणि दाराआडच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, भिंत वीतभर खरवडून बघा.