पंढरपूर कुणाचं?

संतसाहित्याच्या पेपरात ‘वारकरी संप्रदायाचे कार्य’ हा प्रश्न आला की आपण सगळे ठरलेलं उत्तर लिहितो. भेदाभेद मिटवले, ज्ञान लोकभाषेत आणलं, समता शिकवली. चार-पाच मुद्दे, खाली रेघ, मार्क पदरात. या उत्तरात पंढरपूर हे गाव मात्र नावापुरतंच येतं. माझं म्हणणं असं की बेळगावात राहून मराठी शिकणाऱ्या आपण सगळ्यांनी ते गाव एकदा तरी पाहायला हवं. ज्याला दर्शनाला जायचं त्याने दर्शनाला जावं. पण ‘पंढरपूर कुणाचं?’ हा प्रश्न घेऊन तर प्रत्येकानेच जावं.

‘कुणाचं’ हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पाटी कुठल्या भाषेत, गाव कुठल्या राज्यात, हे ऐकतच आपण मोठे झालो. वर्षातले काही दिवस असे येतात की बाकावर शेजारी बसणाऱ्या कानडी मित्राशीसुद्धा जरा जपून बोलावं लागतं. अशा वेळी विठोबाची आठवण काढावी. ज्ञानेश्वरांनी त्याला चक्क ‘कानडा’ म्हटलं आहे. होयसळ हे कर्नाटकातलं राजघराणं. त्यातल्या सोमेश्वर राजाने विठ्ठलाला दिलेल्या दानाचा १२३७ सालचा शिलालेख पंढरपुरात आहे. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात विठ्ठलाचं मूळ दक्षिणेतल्या गवळी-धनगरांच्या लोकदेवात शोधलं आहे.

पलीकडून पाहा. पुरंदरदासांची प्रत्येक रचना ‘पुरंदर विठ्ठल’ या मुद्रेने संपते. त्यांच्यानंतरच्या कितीतरी हरिदासांच्या मुद्रेत विठ्ठल आहेच. आपल्या खिशातल्या पन्नासच्या नव्या नोटेवर जो दगडी रथ छापलेला आहे, तो हंपीच्या विठ्ठल मंदिराच्या आवारातला. कृष्णदेवरायाने मूर्ती हंपीला नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, अशी कथा आहे. ती कितपत खरी ते इतिहासकार पाहतील. पण देव आपल्याकडेच असावा असं दोन्हीकडच्या माणसांना वाटत होतं, एवढं तिच्यातून नक्की कळतं. फार लांब कशाला, आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीपुढे जो मानाचा घोडा चालतो, तो आपल्याच जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरदारांचा. वादाच्या वर्षीसुद्धा घोडा जातोच.

म्हणजे पंढरपूर सगळ्यांचं, असं म्हणून आपण मोकळे झालो का? नाही. महाद्वाराशी गेलं की खरा प्रश्न सुरू होतो. तिथे नामदेव पायरी आहे, आणि तिच्यासमोरच चोखोबांची समाधी. भाविकांच्या पायाची धूळ लागावी म्हणून नामदेवांनी ती जागा आपणहून मागितली, असं सांगतात. चोखोबांना मात्र त्या दाराच्या आत कुणी जाऊच दिलं नाही. एकाने पायरी मागून घेतली, दुसऱ्याला पायरीशी थांबवलं. या दोन जागांमधलं अंतर चार पावलांचं आहे. नोट्स वाचून ते अंतर मला कळलं नव्हतं, तिथे उभं राहिल्यावर कळलं.

चोखोबा १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकूस बांधताना दरड कोसळून गेले. त्यांच्या लोकांना मंदिरात जाता यावं म्हणून साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, ते १ मे ते १० मे १९४७. मध्ये सहाशे वर्षं गेली. या सहाशे वर्षांत दरवर्षी वारी झाली, चोखोबांचे अभंग गायले गेले, लोक एकमेकांच्या पाया पडले, आणि दार बंदच राहिलं. ‘संतांनी भेदाभेद मिटवले’ हे आपलं वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. संतांनी भेद नाकारला. मिटवायचं काम मागच्यांवर राहिलं, आणि मागच्यांनी फार उशीर केला. अर्धा मार्क गेला तरी चालेल, पण पेपरात हे लिहायला हवं.

‘आपलं कॉलेज ख्रिस्ती, मंडळात सगळ्या धर्मांची मुलं, मग देवळाच्या गावी कशाला?’ असं कुणी विचारेल. त्यांना गी दलरी यांचं नाव सांगावं. हे फ्रेंच जेझुइट फादर वारीबरोबर चालले, त्यांनी तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले आणि विठोबाच्या संप्रदायावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढला. त्यांनी आपला धर्म सोडला नाही आणि दुसऱ्याचा हलका मानला नाही. आपल्याला तर भाषांतराचीही गरज नाही, अभंग आपल्याच भाषेत आहेत. चपला बाहेर काढाव्यात, रांग मोडू नये, नमस्कार करणाऱ्याच्या तोंडासमोर मोबाईल धरू नये. एवढं पाळलं की कुणीही पाहुणा तिथे शोभतो.

आषाढीला मात्र जाऊ नये. त्या गर्दीत पाहणं होत नाही. साधा आठवड्यातला दिवस धरावा, मिरजेला गाडी बदलावी. चंद्रभागेच्या वाळवंटात पुंडलिकाचं मंदिर पाहावं. यादवकाळातला चौऱ्यांशीचा शिलालेख पाहावा, ज्याला लोक पाठ घासतात. त्यावर देवळाला दान देणाऱ्यांची नावं आहेत. वेळ उरला तर मंगळवेढा गाठावं. चोखोबा आणि कान्होपात्रेचं ते गाव, आणि बसवेश्वरही काही काळ तिथेच होते असं मानतात.

मंडळाला एक सुचवतो. या सहलीला कॉलेजच्या कन्नड संघालाही बोलवा. त्यांनी पुरंदरदास म्हणावेत, आपण चोखोबा आणि सोयराबाई म्हणाव्यात, आणि दोन्हींचा अर्थ एकमेकांना समजावून सांगावा. खर्च निम्मा निम्मा.