बिनतारी संचाची नवी आज्ञावली
नागपुरातील हौशी बिनतारी संदेशकापुढे, दळणवळण खात्याचा परवाना दप्तरी आणि संच मेजावर असताना, जो प्रश्न हल्ली वरचेवर उभा राहतो तो उत्पादकाने प्रसृत केलेले नवे फर्मवेअर, म्हणजे संच चालविणारी आज्ञावली, संचात भरावे की नाही हा होय; आणि माझे स्पष्ट मत असे की, आपणांस प्रत्यक्ष जाचणाऱ्या एखाद्या दोषाचे निवारण त्यासोबतच्या टिपणात नमूद नसेल, तर निव्वळ नावीन्यापोटी चालत्या संचाला हात लावू नये. व्हॉल्व्हच्या जुन्या संचाचा सुटलेला सांधा घरी डाग देऊन जोडता येई. आजच्या संचात मात्र ध्वनी गाळण्यापासून कंप्रता दाखविण्यापर्यंतचा बहुतेक कारभार या आज्ञावलीच्या हुकमतीखाली चालतो, आणि जुनी पुसून नवी लिहिली जात असता मध्येच वीज गेली, तर पुष्कळदा संच दुरुस्तीकेंद्रात धाडण्यावाचून इलाज उरत नाही. म्हणून वैशाखात, पारा 45 अंशांकडे सरकत असता व विजेचा भरवसा नसता, हे काम काढणे मला अनुचित वाटते. पावसाळ्यात तर अधिकच, कारण 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरले तशी वेळ सांगून येत नाही, आणि 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरहून हौशी बिनतारी संदेशक भारती प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुख्य भूमीशी संपर्क राखला तो सज्ज संचांच्याच बळावर. हिवाळ्यातील निवांत सकाळ पाहावी, भरलेली बॅटरी जोडावी, साठविलेल्या कंप्रतांची नक्कल संगणकात उतरवावी, आणि मागील आवृत्तीकडे परतता येते काय याची खातरजमा आधीच करावी. कित्येक संचांत तो मार्ग बंद असतो.