थायरॉइड आहे? कोणता?

आमच्या घरात "तिला थायरॉइड आहे" असं कुणी म्हटलं की सगळ्यांना सगळं कळलं असं धरून चालतात. बीपी, शुगर आणि थायरॉइड. खरं तर थायरॉइड प्रत्येकालाच असते, गळ्यात पुढच्या बाजूला, फुलपाखराच्या आकाराची. नसली तर प्रॉब्लेम! हा विनोद मी घरात दोनदा करून झालाय. कुणी हसत नाही. असो.

मागच्या पावसाळ्यात सासूबाईंच्या पोटात उजवीकडे दुखायला लागलं, बारीक तापही होता. सोनोग्राफीत नीट काही दिसेना, म्हणून डॉक्टरांनी डाय देऊन सीटी स्कॅन करायला सांगितलं. सेंटरवर फॉर्म दिला. डायबेटीस आहे का, किडनीचा त्रास आहे का, दमा आहे का, मासे-कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे का, थायरॉइड आहे का. नवऱ्याने इमानदारीत थायरॉइडपुढे टिक केली. काउंटरवरच्या मुलीने ती बघितली आणि म्हणाली, "डायमध्ये आयोडिन असतं. डॉक्टरांकडून चालेल असं लिहून आणा."

झालं! डॉक्टर चार दिवस गावाला गेलेले. तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर कुणीतरी "थायरॉइडवाल्यांनी डाय घेऊ नये" असा मेसेज टाकला. नणंदेने आणखी दोन टाकले. सासूबाई म्हणाल्या, "वीस वर्षं गोळी घेऊन सांभाळलंय मी, आता त्या रंगाने बिघडायला नको." (नाव डाय असलं तरी ते बाटलीत जवळजवळ पाण्यासारखं दिसतं, रंग वगैरे काही नसतो. पण तेव्हा मलाही हे माहीत नव्हतं.) डॉक्टर परत आल्यावर त्यांनी हसून "काही होत नाही" म्हटलं, तर यांना ते हसणंच आवडलं नाही. असे आठ दिवस गेले. नवव्या रात्री थंडी वाजून ताप भरला आणि अ‍ॅडमिट करावं लागलं. तिथे कुणी फॉर्मवर चर्चा केली नाही, डाय देऊन स्कॅन झाला. अपेंडिक्स फुटून पू झाला होता. अकरा दिवस हॉस्पिटलात होत्या. त्यांच्या थायरॉइडला काही म्हणता काही झालं नाही.

का झालं नाही, हे मी नंतर एंडोक्रायनॉलॉजिस्टना विचारून आणि वाचून समजून घेतलं. आयोडिन क्ष-किरण अडवतं, म्हणून डाय जिथे जातो तो भाग फोटोत पांढरा उठून दिसतो. डायच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण 300 ते 370 मिलिग्रॅम आयोडिन असतं. 100 मिलिलिटर दिला तर 30 ग्रॅमच्या वर! आपली रोजची गरज आहे 150 मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा फक्त सातहजारावा भाग. आकडा वाचून मी घाबरलेच. पण यातलं जवळजवळ सगळं आयोडिन डायच्या रेणूला घट्ट चिकटलेलं असतं आणि किडन्या ठीक असतील तर दिवसभरात लघवीतून निघून जातं. सुटं आयोडिन अगदी थोडं. मात्र ते 'थोडं'सुद्धा रोजच्या गरजेच्या कितीतरी पट असतं.

चांगली ग्रंथी यावर काय करते, तर काही दिवस कारखानाच बंद ठेवते आणि पूर ओसरला की पुन्हा सुरू करते. 1948 साली वुल्फ आणि चायकॉफ या दोघांनी हे उंदरांत दाखवलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. गडबड होते ती दोन प्रकारच्या ग्रंथींत. हाशिमोटोसारख्या आजाराने थकलेली ग्रंथी एकदा बंद झाली की कधी कधी पुन्हा लवकर सुरू होत नाही. आणि ज्या ग्रंथीत स्वतःच्या मर्जीने चालणाऱ्या गाठी असतात, त्या गाठी आयोडिन मिळालं की हार्मोन बनवतच सुटतात. सासूबाई या दोन्हीत नाहीत. त्यांना लागणारा हार्मोन रोज सकाळी उपाशीपोटी गोळीतून येतो. बंद पडलेल्या गिरणीच्या दारात कापसाचे ट्रक आले काय अन् गेले काय.

इथवर असतं तर मीही "उगाच घाबरू नका" असं लिहून मोकळी झाले असते. पण मग मावशीचं प्रकरण आलं.

मावशी त्र्याहत्तरची. तिच्या गळ्यावर माझ्या लहानपणापासून फुगवटा आहे. साडीच्या पदराने तो झाकायची तिला सवय आहे. गोळी कधीच नाही, कारण तपासण्या नॉर्मल येत. फेब्रुवारीत छातीत दुखलं, अँजिओग्राफी झाली. अँजिओग्राफीतही हाच आयोडिनवाला डाय. "थायरॉइड आहे का?" तर "नाही"! गोळी नाही म्हणजे थायरॉइड नाही, आमच्याकडे हिशोब इतका सरळ आहे. एप्रिलमध्ये तिला धडधड सुरू झाली, हात थरथरायला लागले, वजन चार किलो उतरलं. हृदयाचं दुखणं झालंय तर धडधडणारच, असं आम्ही सगळ्यांनी (मीही) म्हटलं. नाडी अनियमित लागली तेव्हा एका तरुण डॉक्टरणीने गळ्याकडे बघितलं आणि टीएसएच करायला सांगितला. तो जवळजवळ शून्य होता.

म्हणजे बघा, जिने "हो" म्हटलं तिला धोका नव्हता, आणि जिला होता तिने "नाही" म्हटलं. माझा राग आहे तो या प्रश्नावर. "थायरॉइड आहे का" हा प्रश्नच नाही. कमी आहे की जास्त, गोळी कुठली, गळ्यावर गाठ आहे का, हे विचारायला आणखी तीन ओळी लागतील. कोळंबीसाठी जागा आहे ना फॉर्मवर? माशांची अ‍ॅलर्जी त्यांच्यातल्या प्रथिनांची असते, आयोडिनची नाही, हे कधीच सिद्ध झालंय. तरी कोकणातल्या माणसाला घाबरवायला ती ओळ छापलेलीच असते.

मावशीची अँजिओग्राफी करायला नको होती, असं मी मुळीच म्हणत नाही. हृदयाचा प्रश्न होता, थांबणं वेडेपणा झाला असता. माझं म्हणणं इतकंच की गलगंड डोळ्यांना दिसत असताना डिस्चार्जच्या कागदावर "सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच करा" एवढं लिहायला हवं होतं. डाय देण्याआधी सरसकट सगळ्यांची थायरॉइड तपासणी करा असं युरोपातल्या रेडिओलॉजिस्टांची संस्थाही म्हणत नाही. ग्रेव्हज किंवा गाठींचा गलगंड असेल तर नंतर लक्ष ठेवा, आणि हायपरथायरॉइड उघड चालू असेल तर हा डाय टाळा, असं ती सांगते. तान्ह्या मुलांचं आणखी वेगळं. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना डाय दिला तर तीन आठवड्यांत थायरॉइड तपासायला अमेरिकेच्या एफडीएने 2022 मध्ये सांगितलं. एमआरआयच्या डायमध्ये गॅडोलिनियम असतं, आयोडिन नाही, तेव्हा तिथे ही भीती नाही. मात्र हा पर्याय आपण घरी बसून ठरवायचा नाही. सासूबाईंच्या वेळी नणंदेने तोही ठरवला होता.

तर ज्यांना 'थायरॉइड आहे' अशा सगळ्या काकू-आत्यांनो, पुढच्या फॉर्मवर नुसती टिक करू नका. शेजारी गोळीचं नाव, डोस आणि शेवटचा टीएसएच लिहा. गोळी नसून गळ्यावर फुगवटा असेल तर तोही लिहा, पदर बाजूला करून दाखवा. आणि नको म्हणून घरी परतण्याआधी तिथल्या डॉक्टरांना भेटायचा हट्ट धरा. काउंटरवरच्या मुलीला बिचारीला यातलं काय माहीत असणार?

मावशी आता कार्बिमाझोलवर आहे, वजन दीड किलो परत आलंय. गाठीसाठी किरणोत्सारी आयोडिनचा उपचार सुचवलाय, पण अँजिओग्राफीतल्या आयोडिनने ग्रंथी भरलेली असेपर्यंत त्याचा उपयोग होत नाही, म्हणून थांबायला सांगितलं होतं. आता पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. सासूबाई तिच्याबरोबर जाणार म्हणतायत, फॉर्म स्वतः भरायला.