गाठीत टोचलेला गोवर

स्वतःच्या कॅन्सरमध्ये विषाणू टोचून बऱ्या झालेल्या बाईंची बातमी अजूनही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. बेआटा हालासी या झाग्रेब विद्यापीठातल्या विषाणुशास्त्रज्ञ. स्तनाच्या कॅन्सरने २०२० मध्ये पुन्हा डोके वर काढले, तेव्हा परत केमोथेरपी नको म्हणून त्यांनी स्वतः तयार केलेला गोवराचा आणि मग व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिसचा विषाणू गाठीत टोचून घेतला. दोनेक महिन्यांत गाठ आकसली, मऊ पडली, स्नायूपासून सुटली. इथवर सगळे खरे. फॉरवर्डमधून गळते ते पुढचे: ती गाठ शस्त्रक्रियेने काढली आणि नंतर वर्षभर ट्रॅस्टुझुमॅब हे कॅन्सरचे औषध दिले.

गोवराचा तो वाण एडमन्स्टन-झाग्रेब. पुण्याच्या सीरमच्या गोवर लशीतही तोच असतो. (म्हणून कुणी लशीची कुपी शोधायला निघू नये, ती गाठीत टोचायला बनवलेली नाही.)

कॅन्सरच्या बऱ्याच पेशींत विषाणूला रोखणारी यंत्रणा ढिली पडलेली असते. तिथे विषाणू फोफावतो, पेशी फोडतो. पण माझ्या मते खरी गंमत त्यानंतर आहे. भांडी पडल्याच्या आवाजाने शेजाऱ्यांना चोराचा सुगावा लागावा, तसा फुटलेल्या पेशींमुळे प्रतिकारशक्तीला गाठीचा पत्ता लागतो. हालासींच्या काढलेल्या गाठीतही लिम्फोसाइट्स, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, शिरलेल्या दिसल्या.

मग असे विषाणू औषध म्हणून सर्रास का मिळत नाहीत? ओठांवर पुटकुळ्या आणणाऱ्या हर्पीसमध्ये फेरफार करून बनवलेल्या टी-व्हेकला अमेरिकेने २०१५ मध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी मंजुरी दिली. ४३६ जणांच्या चाचणीत त्याचा टिकाऊ परिणाम १६ टक्के रुग्णांत दिसला, तुलनेच्या गटात २ टक्क्यांत. पुढे पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाच्या जोडीने ते २१ रुग्णांना दिले, तर ६२ टक्क्यांच्या गाठी आटल्या. सगळे हरखले. मग ६९२ रुग्णांवर तीच जोडी तपासली आणि एकट्या पेम्ब्रोलिझुमॅबच्या तुलनेत आयुष्य काही ठळकपणे वाढले नाही. एकवीस जणांची ही गत, तर एका बाईंच्या अनुभवावर किती भार टाकायचा?

तरीही हालासींचा लेख छापला गेला हे बरेच झाले. डझनाहून अधिक नियतकालिकांनी तो नाकारला होता. रुग्ण हालासींचे अनुकरण करतील ही भीती रास्त आहे, पण माहिती दडवून ती जात नाही.

मला धास्ती आहे ती विकणाऱ्यांची. लात्व्हियात रिगव्हिर नावाचा विषाणू २००४ पासून नोंदणीकृत औषध होता; परदेशातून रुग्ण पैसे मोजून तिथे जात. २०१९ मध्ये कुप्यांत सांगितल्यापेक्षा फारच कमी विषाणू निघाला आणि विक्री थांबली.

तेव्हा कुणी ‘विषाणूची थेरपी’ देऊ केली, तर ही चाचणी आहे की मंजूर उपचार, एवढे आधी विचारा. चाचणी असेल तर तिची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद हवी, आणि ती कुणालाही फुकट पाहता येते. प्रयोगाच्या औषधाचे लाखांचे बिल पुढे आले, तर सही करण्याआधी दुसऱ्या ऑन्कॉलॉजिस्टना कागद दाखवा.