केबल, डीटीएच आणि घरचे इंटरनेट : खरा मासिक खर्च ग्राहकाला कळलाच पाहिजे
(ग्राहकांचे मागणीपत्र)

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय), नवी दिल्ली
मा. सचिव, माहिती व प्रसारण मंत्रालय, भारत सरकार
मा. जिल्हाधिकारी, रत्नागिरी

विषय : केबल, डीटीएच व घरगुती इंटरनेट यांचे दर एकाच पद्धतीने जाहीर व्हावेत आणि सेवा बदलण्यातले अडथळे दूर व्हावेत याबाबत.

महोदय / महोदया,

रत्नागिरी जिल्ह्यातील केबल, डीटीएच आणि घरगुती इंटरनेट घेणाऱ्या ग्राहकांच्या वतीने आमची संघटना हे मागणीपत्र सादर करीत आहे. आमच्यात शहरातल्या सोसायट्यांत राहणारे नोकरदार आहेत, निवृत्तिवेतनावर घर चालवणारे शिक्षक आहेत, मासळी विकणाऱ्या महिला आहेत, आंबा बागायतदार आहेत आणि गावच्या घराला कुलूप लावून मुंबईत राहणारे चाकरमानीही आहेत. सगळे विचारतात ते एवढेच : घरात बातम्या, मालिका, क्रिकेट आणि मुलांच्या अभ्यासापुरते नेट हवे असेल, तर केबल परवडते, छत्री परवडते, की नुसते नेट घेतलेले बरे? याचे सरळ उत्तर आज कोणीही देऊ शकत नाही. तिन्ही सेवांचे दर तीन तऱ्हांनी सांगितले जातात आणि त्यामुळे त्यांची तुलनाच होत नाही. ही तुलना शक्य करा, हा या मागणीपत्राचा गाभा आहे.

आजची स्थिती

२०१९ साली टीव्ही वाहिन्यांसाठी ट्रायची नवी दरपद्धती अमलात आली तेव्हा 'जेवढे पाहाल तेवढ्याचे पैसे द्या' असे सांगण्यात आले. पहिल्या १०० वाहिन्यांसाठी नेटवर्क क्षमता शुल्क, म्हणजे वाहिन्या घरापर्यंत पोहोचवण्याचे शुल्क, जास्तीत जास्त १३० रुपये ठरले. पुढे २०२० साली त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या देणे बंधनकारक झाले आणि घरातल्या दुसऱ्या टीव्हीसाठी या शुल्काच्या ४० टक्क्यांहून जास्त आकारू नये, असा नियम आला. ग्राहकाला निदान एक आकडा ठाऊक होता. ८ जुलै २०२४ च्या दुरुस्तीने ही कमाल मर्यादा काढली गेली. आता हे शुल्क सेवा पुरवठादार स्वतः ठरवतात, भागानुसार आणि ग्राहकवर्गानुसार वेगवेगळेही ठेवू शकतात. ते जाहीर करण्याचे बंधन मात्र त्यांच्यावर आहे. आमच्या भागात ते पाळले जात नाही. ग्राहकाला एकूण रक्कम तोंडी सांगितली जाते; त्यातले शुल्क किती, वाहिन्यांचे किती, कर किती, हे विचारले तर उत्तर मिळत नाही.

एका घराचा हिशोब मांडून पाहू. दोन टीव्ही, प्रत्येकी १९ रुपयांच्या पाच सशुल्क वाहिन्या आणि ३९९ रुपयांचे नेट, एवढीच गरज धरली आहे. शुल्काची मर्यादा उठली असली, तरी हिशोबाला आधार म्हणून जुनाच आकडा घेतला आहे.

पहिल्या टीव्हीचे नेटवर्क शुल्क : १३० रुपये
दुसऱ्या टीव्हीचे शुल्क (४० टक्के) : ५२ रुपये
पाच सशुल्क वाहिन्या, एकाच टीव्हीवर : ९५ रुपये
घरचे इंटरनेट : ३९९ रुपये
बेरीज : ६७६ रुपये
१८ टक्के जीएसटी : १२१ रुपये ६८ पैसे
दरमहा एकूण : ७९७ रुपये ६८ पैसे

म्हणजे वर्षाला ९,५७२ रुपये, आणि त्यात एकट्या जीएसटीचे १,४६० रुपये. यात सेट टॉप बॉक्सची किंमत नाही, राउटरची अनामत नाही, जोडणीचा खर्च नाही आणि एकाही ओटीटीची वर्गणी नाही.

आता जाहिरात कशी असते ते पाहा. '३९९ रुपयांत नेट' असे मोठ्या अक्षरांत असते. कर धरला की ते ४७० रुपये ८२ पैसे होतात. सहा महिन्यांचे आगाऊ भरण्याची अट असेल, तर ग्राहकाला एका दमात २,८२४ रुपये ९२ पैसे मोजावे लागतात. रोजंदारीवर घर चालवणाऱ्याला '३९९' आणि '२,८२४' यांतला फरक फार मोठा असतो. डीटीएचचा महिना बहुधा ३० दिवसांचा धरतात. बारा रिचार्जमध्ये वर्षाचे ३६०च दिवस भरतात आणि उरलेल्या दिवसांसाठी तेरावे रिचार्ज लागते. केबलचा महिना कॅलेंडरचा, पण पावती बऱ्याचदा नाहीच. नेटच्या वेगापुढे 'पर्यंत' हा शब्द असतो आणि ठरावीक डेटा संपल्यावर वेग किती उरेल, ते बारीक अक्षरांत. नुसत्या नेटवर टीव्ही पाहू इच्छिणाऱ्याला हीच माहिती सगळ्यात महत्त्वाची, कारण एचडी चित्राला तासाला दोन-तीन जीबी डेटा सहज लागतो.

चौथा पर्यायही आहे. प्रसार भारतीच्या डीडी फ्री डिशला एकदाच छत्री आणि बॉक्स घ्यावा लागतो, मासिक शुल्क नाही. सह्याद्री वाहिनी आणि बातम्या एवढ्यावर भागणाऱ्या घराला तो पुरतो. पण हा पर्याय आहे, असे दुकानातला विक्रेता आपणहून सांगत नाही.

आमच्या जिल्ह्याची अडचण

कोकणात खर्चाचा हिशोब पावसाशिवाय पुरा होत नाही. डीटीएचचे सिग्नल ज्या लहरींवर येतात, त्या मुसळधार पावसात क्षीण होतात आणि पडद्यावर 'सिग्नल नाही' अशी पाटी येते. केबलचे अ‍ॅम्प्लिफायर विजेवर चालतात. लाइट गेली की अख्ख्या वाडीचा टीव्ही बंद. फायबर झाड पडून तुटते, नाहीतर रस्त्याच्या खोदकामात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड भागात वीज आणि दूरसंचार सेवा कितीतरी दिवस ठप्प होत्या. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये घरांत आणि दुकानांत पाणी शिरले. अशा दिवसांतही रिचार्जची मुदत मात्र संपत राहते.

दुसरी अडचण बंद घरांची. आमच्या गावांत गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर कुलूप असलेली घरे पुष्कळ आहेत. गणपतीला पाच-सात दिवस घर उघडते, आरतीनंतर पडवीत सगळे टीव्हीपुढे बसतात आणि गौरी-विसर्जनानंतर चाकरमानी परतीची गाडी पकडतात. या आठवड्यासाठी पूर्ण महिन्याचे रिचार्ज मारावे लागते. बॉक्स बरेच महिने बंद राहिला असेल, तर तो पुन्हा चालू करताना वेगळे पैसे मागितले जातात. सेवा तात्पुरती बंद ठेवण्याची तरतूद २०१७ च्या सेवा-गुणवत्ता नियमांत आहे, पण ती पूर्ण महिन्यांच्या हिशोबाने आहे आणि ग्राहकाला तिची कल्पनाही दिली जात नाही.

आमच्या मागण्या

१. एकूण मासिक खर्चाचा एकच तक्ता. केबल, डीटीएच आणि घरगुती इंटरनेट विकणाऱ्या प्रत्येकाने जाहिरातीत, दुकानात आणि बिलावर एकाच नमुन्याचा तक्ता मराठीतून द्यावा. त्यात नेटवर्क शुल्क, वाहिन्यांची किंमत, उपकरणाचे भाडे, जीएसटी, एकदाच लागणारा खर्च, आज प्रत्यक्ष हातातून जाणारी रक्कम आणि वर्षाचा एकूण खर्च असावा. इंटरनेटसाठी त्यासोबत किमान वेग, डेटाची मर्यादा आणि ती संपल्यानंतरचा वेग द्यावा. जाहिरातीतला मोठ्या अक्षरांतला आकडा करासहितच असावा.

२. महिना म्हणजे महिना. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने मोबाइल कंपन्यांना दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा निदान एक प्लॅन ठेवणे भाग पाडले. तोच नियम डीटीएच, केबल आणि घरगुती इंटरनेटला लावावा. शिवाय आगाऊ रकमेची सक्ती नसलेला, महिन्याला भरता येणारा निदान एक प्लॅन प्रत्येकाने ठेवावा.

३. मूलभूत पॅकला कमाल दर. नेटवर्क शुल्कावरची मर्यादा सरसकट परत आणणे शक्य नसेल, तर विनाशुल्क वाहिन्या आणि दूरदर्शनच्या सर्व वाहिन्या मिळून एक मूलभूत पॅक ठरवावा आणि त्याला कमाल दर असावा. जुलै २०२४ च्या दुरुस्तीनुसार डीडी फ्री डिशवर फुकट दिसणारी वाहिनी इतर सर्व मंचांवरही विनाशुल्कच असली पाहिजे. या नियमाची जिल्हानिहाय तपासणी करून अहवाल प्रसिद्ध करावा.

४. बंद घरांसाठी दिवसांचा हिशोब. सेवा दिवसांच्या हिशोबाने थांबवण्याची आणि चालू करण्याची सोय ग्राहकाला फोनवरूनच मिळावी. सात, दहा आणि पंधरा दिवसांचे पॅक ठेवावेत. पुन्हा चालू करण्याचे वेगळे शुल्क बंद करावे.

५. सेवा बंद, तर पैसे बंद. टीव्हीचे प्रक्षेपण सलग ७२ तासांहून अधिक काळ खंडित राहिले, तर त्या प्रमाणात शुल्क कमी करण्याचा नियम आहे. इंटरनेटसाठी १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांत, जिल्हा पातळीवर सेवा २४ तासांपेक्षा जास्त काळ खंडित झाल्यास भाड्यात सूट किंवा मुदतवाढ देण्याची तरतूद आहे. आमची मागणी अशी की दोन्हींकडे मर्यादा २४ तासांची असावी, ती जिल्ह्याऐवजी गाव-प्रभागाला लागू व्हावी आणि भरपाई अर्ज न करता आपोआप मिळावी. आपत्ती जाहीर झालेल्या तालुक्यांत रिचार्जची मुदत तेवढ्या दिवसांनी वाढवावी.

६. बॉक्स ग्राहकाचा, निवड ग्राहकाची. पैसे भरून घेतलेला बॉक्स कंपनी बदलली की निरुपयोगी ठरतो. कुठल्याही कंपनीला चालेल असा बॉक्स असावा, ही शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्येच केली आहे. मंत्रालयाने ती अमलात आणण्याची तारीख जाहीर करावी.

७. सोसायटीत एकाचीच मक्तेदारी नको. काही इमारतींत एकाच पुरवठादाराला वायर टाकू दिली जाते आणि रहिवाशांना दुसरा दर विचारताच येत नाही. असे करार बेकायदा ठरवावेत.

८. कर आणि परवाना शुल्क. मूलभूत पॅक आणि प्राथमिक दराच्या इंटरनेटवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आणण्याची शिफारस मंत्रालयाने जीएसटी परिषदेकडे करावी. डीटीएच कंपन्यांना परवाना शुल्क भरावे लागते, केबलला नाही. ते शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आणण्याची शिफारस ट्रायने २०२३ मध्ये केली आहे. कपात झाली, तर तिचा लाभ बिलात दिसला पाहिजे.

९. तक्रारीला जिल्ह्यातच जागा. वैयक्तिक तक्रारी ट्राय हाताळत नाही आणि तीनशे रुपयांसाठी ग्राहक आयोगात कोणी जात नाही. केबल कायदा, १९९५ खाली जिल्हाधिकारी प्राधिकृत अधिकारी आहेत. म्हणून या तक्रारी महिन्याच्या लोकशाही दिनात घ्याव्यात आणि पुरवठादारांच्या प्रतिनिधींना तिथे हजर राहणे बंधनकारक करावे.

गावच्या केबलचालकाबद्दल

यातली एकही मागणी स्थानिक केबलचालकाविरुद्ध नाही. भर पावसात खांबावर चढून वायर जोडणारा तोच असतो. वेगळा करार नसेल, तर नेटवर्क शुल्कातले ४५ टक्के त्याला आणि ५५ टक्के वरच्या कंपनीला, अशी विभागणी नियमांत आहे. वाहिन्यांचे दर तो ठरवत नाही, पण दर वाढले की दारात ग्राहकाचा राग त्यालाच झेलावा लागतो. स्पष्ट बिल आणि छापील तक्ता आला, तर त्याचीही या भांडणांतून सुटका होईल.

कंपन्यांनीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. ट्रायच्या आकडेवारीनुसार सशुल्क डीटीएचचे सक्रिय ग्राहक मार्च २०२४ अखेर सुमारे ६.२ कोटी होते, ते मार्च २०२५ अखेर सुमारे ५.७ कोटींवर आले. ग्राहक सोडून जात आहेत. न कळणारे बिल हे त्यांना थोपवून धरण्याचे साधन होऊ शकत नाही.

आमची विनंती

या मागण्यांवर ट्रायने सल्लामसलत प्रक्रिया सुरू करून तिची कागदपत्रे मराठीतही उपलब्ध करून द्यावीत. मा. जिल्हाधिकाऱ्यांनी ३० दिवसांच्या आत जिल्ह्यातील सर्व सेवा पुरवठादार, केबलचालक आणि ग्राहक प्रतिनिधी यांची संयुक्त बैठक बोलवावी. मागणी क्र. १ आणि ९ साठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ही कामे सध्याच्या अधिकारांत करता येतील.

आपल्या सभासदांना आणि जिल्ह्यातील सर्व ग्राहकांना आम्ही सांगतो : पावती मागा, करासहित आकडा लिहून घ्या, सेवा बंद पडली तर तारीख आणि वेळ टिपून ठेवा. दाद लागत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. नोंद असेल तरच तक्रार उभी राहते.

आपले नम्र,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य
(रत्नागिरी जिल्ह्यातील केबल, डीटीएच व घरगुती इंटरनेट ग्राहकांच्या वतीने)