चहा कोणत्या मळ्याचा?

राजधानींत भरलेल्या खाद्यपदार्थांच्या व्यापारी प्रदर्शनांत आम्ही दोन दिवस केवळ उंची चहाच्या शोधांत हिंडलों. आपल्या घरोघर उकळतो तो यंत्रांत चिरडलेला दाणेदार चहा. त्याची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. दूध व आलें यांस तोच शोभतो. परंतु त्याच झुडुपाचीं कोंवळीं पानें निराळ्या रीतीनें सुकवून वळलीं असतां भाव कितीतरी पटींनीं वाढतो. हा वाढीव भाव पिकविणाराच्या हातीं पडतो काय, हें आम्हांस पाहावयाचें होतें.

गाळ्यांस तोटा नव्हता. एके ठिकाणीं डब्यावर 'दार्जिलिंग' अशीं अक्षरें पाहून आम्ही विचारलें, "मळा कोणता? तोड कोणत्या महिन्याची?" विक्रेत्या गृहस्थांनीं नम्रपणें झांकण उघडून वास दिला. मळ्याचें नांव त्यांस ठाऊक नव्हतें. वास चांगला होता, हें कबूल केलें पाहिजे. मात्र तो वरून लाविलेल्या अर्काचा होता.

वस्तुतः दार्जिलिंगच्या तोडीचें मर्म शेतकऱ्यानेंच जाणावें असें आहे. मार्च-एप्रिलची पहिली तोड हलकी व फुलांच्या वासाची. मे-जूनच्या दुसऱ्या तोडीस पिकल्या द्राक्षांसारखा जो सुगंध येतो, तो पुष्कळ अंशीं तुडतुड्यांचा प्रसाद होय! कापसावर ज्यांच्यासाठीं आपण फवारे मारतों, त्यांचेच भाऊबंद तेथें पानांचा रस शोषतात, आणि झुडूप प्रतिकारार्थ सुगंधी द्रव्यें निर्माण करतें. असा माल ठराविक डोंगरावर, ठराविक आठवड्यांतच होतो. म्हणूनच २००४ सालीं भौगोलिक निर्देशांकाची देशांतील पहिली नोंद दार्जिलिंग चहाची झाली. कांगड्याच्या चहास ती २००५ सालीं मिळाली. २०२३ सालीं युरोपीय संघानेंही ती मान्य केली.

याच कांगड्याचा एक लहान बागाइतदार आम्हांस शेवटीं कोपऱ्यांतील मेजापाशीं भेटला. पुडीवर तोडीची तारीख त्यानें हातानें लिहिली होती. १९०५ च्या भूकंपांत त्या खोऱ्यांतील मळे कसे उद्ध्वस्त झाले, येथपासून त्यानें सांगण्यास आरंभ केला. भाव इतरांहून अधिक होता. आम्ही घासाघीस न करितां दोन पुड्या घेतल्या.

नाशिकचीं द्राक्षें, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि २०१८ पासून कोंकणचा हापूस, यांच्याही नोंदी आहेत. तरी हापूस म्हणून भलताच आंबा विकल्याची ओरड दर वैशाखांत होतेच. नोंदीचा कागद गाळ्यावर उभा राहून उत्तरें देत नाहीं. यास्तव अशा प्रदर्शनास दलालाऐवजीं प्रत्यक्ष बागाइतदार पाठवावा व त्याचें गाडीभाडें मंडळानें सोसावें, असा ठराव आम्ही येत्या सभेंत मांडणार आहों. ज्या सभासदांची जाण्याची तयारी असेल, त्यांनीं आपलीं नांवें तत्पूर्वीं चिटणिसांकडे कळवावींत.