आरोपपत्राविना निलंबन

कारखान्यातील कामगाराला निलंबित करावयाचे झाल्यास मालकाला आरोपपत्र द्यावे लागते, चौकशी करावी लागते आणि ती चालू असेतोवर कामगाराच्या चुलीचीही थोडीबहुत तजवीज करावी लागते. हा हक्क कोणाच्या औदार्यातून आलेला नाही. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यात १९८२ साली दुरुस्ती झाली, तेव्हा कोठे निलंबनाच्या पहिल्या ९० दिवसांत निम्मे आणि त्यापुढे, विलंबाचा दोष कामगाराचा नसल्यास, पाऊण वेतन देणे मालकावर बंधनकारक झाले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेशांची कक्षा ३०० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती आकसून टाकली खरी. परंतु निर्वाहभत्त्याचे तत्त्व पुसून टाकण्याचे धाडस तिलाही झाले नाही.

संकेतस्थळ चालवून त्यावरील जाहिरातींतून चार पैसे मिळविणाऱ्या माणसाला यांपैकी काहीही लागू नाही. करारात त्याला ‘प्रकाशक’ असे भारदस्त नाव आहे, एवढेच. तालुक्याच्या बातम्या देणारा तरुण, पीकसल्ला लिहिणारा कृषी पदवीधर, स्पर्धा परीक्षांच्या टिपणांचे पान चालविणारी शिक्षिका अशी ही मंडळी. त्यांच्या आणि जाहिरातदाराच्या मध्ये अडत्या म्हणून बसली आहे ती गूगल कंपनी. २००३ साली तिने ‘ॲडसेन्स’ ही योजना काढली. १०० रुपयांच्या जाहिरातीतील ६८ रुपये संकेतस्थळाच्या मालकाला मिळतात, हे तिने उघड केले ते मात्र २०१० मध्ये. सात वर्षे शेतमाल विकला जात होता आणि अडत किती कापली जाते याचा पत्ता नव्हता, असा हा प्रकार. या योजनेत हिंदीला २०१४ च्या अखेरीस प्रवेश मिळाला व मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. तेव्हापासून अनेक लहान लेखकांनी या उत्पन्नाच्या भरवशावर घरखर्च बेतला आहे.

अशा एखाद्याला एके दिवशी पत्र येते: आपल्या संकेतस्थळावर ‘अवैध रहदारी’ आढळल्याने खाते निलंबित करण्यात येत आहे. कोणत्या दिवशी, कोणत्या पानावर, कोणी अवैधपणे जाहिरातीवर टिचकी मारली, याचा उल्लेख त्यात नसतो. निलंबन बहुधा ३० दिवसांचे असते; प्रकरण गंभीर ठरले किंवा पुन्हा घडले तर खाते कायमचे बंद होते आणि त्याच माणसाला दुसरे खाते उघडता येत नाही. दाद मागण्यासाठी एक अर्ज असतो. तो वाचणार कंपनी आणि निकाल देणार कंपनीच. फिर्यादी, न्यायाधीश आणि खजिनदार असा त्रिवेणी संगम लोकशाही देशांतील कोणत्याही कचेरीत क्वचितच आढळेल.

यातील खजिनदाराचा भाग अधिक गंभीर आहे. एका महिन्याची कमाई पुढील महिन्याच्या २१ ते २६ तारखांदरम्यान चुकती होते आणि तीही शिल्लक १०० डॉलर झाल्यावरच. म्हणजे माणसाची काही आठवड्यांची मजुरी नेहमीच कंपनीच्या हाती अडकलेली असते आणि खाते बंद झाले की ती रोखून धरता येते. ती जाहिरातदारांना परत केली जाते असे कंपनी म्हणते. परंतु ज्याची ती कमाई होती त्याला तो हिशेब पाहावयास मिळत नाही. याच तक्रारीवर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात सामूहिक दावा उभा राहिला आणि २०१८ मध्ये गूगलने १ कोटी १० लाख डॉलरची तडजोड मान्य केली.

कंपनीची बाजू पोकळ आहे असे मात्र समजू नये. यंत्रांकरवी खोट्या टिचक्या मारून जाहिरातदारांना लुबाडणाऱ्या टोळ्या खरोखरच आहेत, आणि तपासाची रीत उघड केली तर चोर शहाणे होतील हे म्हणणेही निखालस खोटे नाही. शिवाय चळवळीतील मंडळींचाही एक भाबडा अपराध येथे सांगितला पाहिजे. आपल्या माणसाचे संकेतस्थळ चालावे म्हणून ‘रोज एकदा जाहिरातीवर टिचकी मारा’ असा निरोप कार्यकर्त्यांत फिरविला जातो. वर्गणी मागण्याची सवय असलेल्यांना त्यात गैर वाटत नाही. परंतु त्या टिचकीचे पैसे ज्या दुकानदाराच्या खिशातून जातात त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. नियमानेही ती फसवणूकच ठरते. प्रश्न उरतो तो ज्याने असे काही केलेले नाही त्याचा. प्रतिस्पर्ध्याने सूड म्हणून टिचक्यांचा मारा केला, तर निर्दोष माणसाने आपले निर्दोषत्व सिद्ध करावे कशाने?

तपासाची रीत गुप्त ठेवणे आणि आरोप गुप्त ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि हा भेद फ्रान्समध्ये बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे जाहिरातदारांच्या बाबतीत, कसाला लागला. नॅव्हएक्स ही छोटी कंपनी रस्त्यांवरील वेगमापक यंत्रांच्या जागांची माहिती विकत असे. २००९ मध्ये गूगलने तिचे जाहिरात-खाते बंद केले. २०१० च्या जूनमध्ये तेथील स्पर्धा प्राधिकरणाने, अंतिम निर्णयाची वाट न पाहता, ते पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश दिला. पुढे २०१५ मध्ये गिबमीडिया या कंपनीचे खाते पूर्वसूचनेविना निलंबित झाले. त्या तक्रारीवर डिसेंबर २०१९ मध्ये प्राधिकरणाने गूगलला १५ कोटी युरोंचा दंड केला. ग्राहकांना फसव्या जाहिरातींपासून वाचविण्याचा हेतू प्राधिकरणाने अमान्य केला नाही. दोष दिला तो नियमांच्या संदिग्धतेला आणि सारख्याच दोन जाहिरातदारांपैकी एकाला बाहेर काढून दुसऱ्याला ठेवण्याला. ज्या देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक शोध एकाच कंपनीकडून होतात, तेथे तिचा नियम हा खाजगी दुकानाचा नियम राहत नाही, हे त्या निर्णयाचे मर्म होय.

तथापि युरोपच्या वाटेवरही खाचखळगे आहेत. मंचांनी व्यावसायिकांचे खाते स्थगित करताना कारणे लेखी द्यावीत, असा युरोपीय संघाचा नियम १२ जुलै २०२० पासून लागू झाला. पण ग्राहकाशी थेट व्यवहार जुळवून न देणारी जाहिरातीची साधने त्यातून वगळली गेली. अर्थात ज्या लहान लेखकाला संरक्षणाची सर्वाधिक गरज, तोच दाराबाहेर राहिला.

भारतात जानेवारी २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने गूगलच्या वृत्तविषयक जाहिरात-व्यवहारांच्या चौकशीचा आदेश दिला. तक्रारदार होती बड्या वृत्तसमूहांची संघटना. त्यांच्याकडे वकील आहेत, दिल्लीत कचेरी आहे. तालुक्याच्या बातम्या देणाऱ्या तरुणाकडे यांतले काहीच नाही, आणि त्याच्या मजुरीचा प्रश्न कामगार संघटनांच्या विषयपत्रिकेवर अजून फारसा आलेला नाही. डिजिटल स्पर्धेच्या विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. अशा कोणत्याही कायद्यात खातेदाराला आरोपाचा तपशील मिळण्याची, कंपनीबाहेरच्या माणसापुढे सुनावणीची आणि वादातील रक्कम निकालापर्यंत तिसऱ्याकडे ठेवण्याची तरतूद मागितली गेली पाहिजे. तोवर प्रत्येक खातेदाराने आपल्या संकेतस्थळावरील येण्याजाण्याची नोंद स्वतःजवळ तारीखवार जपून ठेवावी. अकस्मात वाढ दिसताच ती खाते बंद होण्याची वाट न पाहता आपण होऊन कंपनीला कळवावी, आणि त्या पत्राची प्रत ठेवावी.